मक्याच्या देशातील वर्धेकर



परदेशी जाऊन राहणे ही आता महाराष्ट्रात नवलाची गोष्ट उरलेली नाही. परंतु परदेशात राहणे आणि परदेश कळणे यांत फार अंतर आहे. एखाद्या देशात वीस वर्षे काढूनही शेजारच्या घरी काय शिजते, त्याचा सण कोणत्या पिकाशी बांधलेला आहे, याची चौकशी न केलेली माणसे आपल्यात थोडी नाहीत. हे अंतर ज्यांनी ओलांडले त्यांचा विचार करू लागले की विदर्भातील एक नाव डोळ्यांसमोर येते. ते नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे.

खानखोजे वर्ध्याचे. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडला, तो इंग्रजांशी लढण्याची विद्या मिळविण्यासाठी. प्रथम जपान, मग अमेरिका. गदर चळवळीच्या आरंभीच्या संघटकांत ते होते आणि पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते इंग्रजांविरुद्ध प्रत्यक्ष लढले. त्या पराक्रमाविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पुढच्या आयुष्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. युद्ध संपले, शस्त्राचा मार्ग खुंटला, मायदेशाचे दार ब्रिटिश सरकारने लावून घेतलेले. अशा स्थितीत १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. अमेरिकेत शिकलेले कृषिशास्त्र तेवढे हाताशी होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते अध्यापन करू लागले.

मेक्सिकोत मका हे केवळ पीक नव्हे. तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तेथील आदिवासींच्या पूर्वजांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी हे धान्य घडविले. परमेश्वराने माणूस मक्याच्या पिठापासून निर्माण केला, अशी माया लोकांची श्रद्धा. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावण्याची तेथील रीत आहे; ज्वारीत तूर पेरणाऱ्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला ती मुळीच परकी वाटणार नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दगडी पाट्यावर वाटून, तव्यावर त्याची भाकरी करतात.

या चुन्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, पण चुन्याची कृती अडाण्यांची समजून तेथेच सोडून दिली. परिणाम असा झाला की जेथे गरिबांना मक्यावाचून दुसरे अन्न नव्हते, तेथे पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. त्वचा सोलवटली, बुद्धी भ्रमली, माणसे मेली. मक्यातील एक जीवनसत्त्व चुन्याच्या संस्कारावाचून शरीराला मिळत नाही, हे विज्ञानाला उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. मेक्सिकोतील निरक्षर गृहिणीच्या हातांना ते शेकडो पिढ्यांपासून ठाऊक होते. दुसऱ्याचे धान्य घ्यायचे आणि त्याचे शहाणपण टाकून द्यायचे, याची किंमत अशी मोजावी लागते.

खानखोजे यांनी नेमके उलट केले. ज्या रानगवतातून मका निघाला त्याकडेच ते वळले. तेओसिंते आणि मका यांच्या संकरावर त्यांनी संशोधन केले, दुष्काळ आणि थंडी सोसणारी वाणे तयार करण्यासाठी वर्षानुवर्षे खपले. क्रांतीनंतर तेथे कुळांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण शेतीचे नवे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचविणारे कोणी नव्हते. खानखोजे यांनी त्यांच्यासाठी विनामूल्य कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा या कार्यात त्यांचे साहाय्यक होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरा यांनी जे भव्य चित्र रंगविले, त्यात मेजाभोवती जमलेल्या कष्टकऱ्यांमध्ये भाकरी मोडून देणारा पुरुष म्हणून खानखोजे दिसतात. ‘आमची भाकरी’ असे त्या चित्राचे नाव. त्या ‘आमची’मध्ये एका वर्धेकराला जागा मिळाली! असा मान पाहुण्याला मिळत नसतो.

यामुळे ते भारतापासून दुरावले काय? १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. मुलींची नावे ठेवली सावित्री आणि माया.

स्वातंत्र्य आले. १९४९ साली त्यांनी भारतात येण्यासाठी परवाना मागितला, तेव्हा तो प्रथम नाकारण्यात आला. ब्रिटिशांनी घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या दप्तरात तशीच राहून गेली होती. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच देशाच्या कचेरीने हे उत्तर द्यावे! पुढे बंदी उठली, ते आले, नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी देह ठेवला. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते मेक्सिकोतील चापिंगो येथे, ज्या विद्यालयात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविले त्याच्याच आवारात.