भंडारदऱ्याची खडीची वाट

अकोले तालुक्यांत प्रवरेवर १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. त्याच्या जलाशयाला वळसा घालीत रतनवाडी, साम्रद, घाटघर या गांवांवरून एक वाट जाते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर व १९८६ सालीं अभयारण्य ठरलेलें रान. कोठें डांबर, कोठें उखडलेली खडी, कोठें नुसता मुरूम. ग्रॅव्हल सायकल असल्याच वाटांसाठीं निघाली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखें वांकलेलें, टायर मात्र चाळीसेक मिलिमीटर रुंद. त्यांत हवा जरा कमी ठेवली म्हणजे धक्के रबर सोसतें आणि चाक खडीवर घसरत नाहीं.

वैशाख सरतां सरतां, पहिल्या वळिवाच्या सुमारास, येथील झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात. ती लुकलुक म्हणजे नरमादीचा संकेत होय. दिव्याचा झोत पडला कीं तो बिघडतो. आणि नेमकी तेव्हांच मोटारींची रीघ लागते! सायकलस्वारानें फेरी दिवसांच आटपावी, अंधारल्यावर गांवाच्या कडेला दिवा मालवून उभें राहावें. पुढें आषाढांत मुरमाचा चिखल होतो, भातलावणीची धांदल उडते. तेव्हां बांधावरून चाक रेटणारा पाहुणा कोणालाच नको असतो.