कामाचे मोजमाप आणि गावाचा कारभार

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणण्याची रीत आहे. एकदा गुत्ता दिला की काम त्याचे, आपण फक्त उद्घाटनाला जायचे, ही समजूतही त्या शब्दासोबत आपल्याकडे टिकून राहिली आहे. माहिती खात्याच्या नोकरीत मी उद्घाटनांची वृत्ते पुष्कळ लिहिली. मोजमापाचे वृत्त मात्र एकदाही लिहिले नाही. ही उणीव माझी आहे, हे आधीच कबूल करतो.

गावकऱ्यांनी लक्ष ठेवले तर कामे सुधारतात काय, या प्रश्नाचे उत्तर इंडोनेशियात मोठ्या काळजीने शोधले गेले आहे. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने जावा बेटावरील सहाशेहून अधिक खेड्यांतील रस्त्यांच्या कामांचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काही गावांना काम सुरू होण्यापूर्वीच कळविण्यात आले होते की तुमची शासकीय तपासणी निश्चित होणार. एरवी तशी शक्यता शंभरात चार एवढीच असे. दुसऱ्या काही गावांत हिशेबाच्या सभांची निमंत्रणे घरोघर वाटण्यात आली. काम संपल्यावर अभियंत्यांनी रस्ते खोदून आत प्रत्यक्ष किती माल पडला आहे, ते मोजले. जेथे तपासणी अटळ होती, तेथे गहाळ होणारा पैसा शंभर रुपयांमागे सुमारे आठ रुपयांनी घटला. सभांना गर्दी वाढली, मजुरीतील गळतीही कमी झाली. पण मालाच्या हिशेबात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तपासणीच्या गावांत पुढाऱ्यांच्या नातलगांना कामावर अधिक घेतले गेले, हेही त्या अभ्यासात आढळले. एक वाट बंद झाली की दुसरी शोधली जाते, एवढे त्यावरून दिसते.

मजुरी आणि माल यांत असा फरक का पडावा, हे मराठवाड्याला समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालील कामांवर आपल्या माणसांनी हजेरीपट पाहिला आहे. आपले नाव त्यात आहे की नाही आणि हाती किती रुपये पडले, हे मजुराला ठाऊक असते. सिमेंटची किती पोती रस्त्यात गेली आणि किती परस्पर गेली, हे मात्र सभेत बसून कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी मोजावेच लागते.

हे मोजमाप कठीण नाही. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाडीचा रस्ता घ्या. त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागते. एकास दोनास चार या प्रमाणाने घनमीटरला सव्वासहा पोती सिमेंट धरले, तर सुमारे २८० पोती झाली. आता हाच रस्ता बारा सेंटिमीटरचा केला, तर वरून पाहणाऱ्याला काहीही कळणार नाही; परंतु ५५ हून अधिक पोती वाचतील आणि देयक मात्र पंधरा सेंटिमीटरचेच निघेल. सातवीतील मूल हे गणित सोडवू शकते. शिक्षकांनी ते फळ्यावर जरूर मांडावे. पुस्तकातल्या हौदाच्या गणितापेक्षा मुलांना त्यात अधिक गोडी वाटेल.

कायद्याने साधने दिलेली आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमात केवळ कागद मागण्याचा हक्क नाही. कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षेचे टिपण ग्रामसभेपुढे ठेवण्याचे बंधन ग्रामपंचायत अधिनियमात आहे. परंतु लेखापरीक्षा येते ती पैसा खर्च झाल्यानंतर. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढविण्याचा हेतू फारसा साधला नाही, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालातून कळले ते २०२० साली. तोवर बंधारे बांधून झाले होते आणि देयकेही फेडली गेली होती.

गुत्तेदाराच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. वेळेवर मोजमाप झाले नाही की त्याचे देयक अडते, आणि ज्या पंचायतीत देयके अडतात तेथे चांगला माणूस पुन्हा निविदा भरीत नाही. मग उरतो तो, जो अडकलेल्या पैशाचे व्याज पोत्यांतून वसूल करतो. म्हणून लक्ष ठेवणे म्हणजे अडवणूक करणे नव्हे. मोजमाप पुस्तिकेत नोंद त्याच आठवड्यात झाली पाहिजे, हा आग्रह गावाने आणि गुत्तेदाराने मिळून धरावा.

आपल्या गावात पुढचे काम निघेल तेव्हा अंदाजपत्रकातील चार आकडे, म्हणजे लांबी, रुंदी, जाडी आणि सिमेंटची पोती, शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. काँक्रीट ओतण्यापूर्वी बाजूच्या पाट्यांची उंची मोजा. नंतर रस्त्याच्या कडेला मुरूम भरला की जाडी दिसेनाशी होते. तेव्हा मुरूम पडण्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायत अधिकारी, एक सदस्य आणि एक शिक्षक यांनी टेप घेऊन तेथे उभे राहावे.