बॅट टाका, पळा!

पावसाळा सरला की आमच्या मुलांच्या बेसबॉल संघाचा सराव सुरू होतो. नवी मुले चेंडू टोलवून बॅटसकटच पळतात, क्रिकेटची सवय! इथे बॅट टाकून ९० फुटांवरचा पहिला बेस गाठायचा असतो. क्षेत्ररक्षणाला नऊ जण लागतात, आमच्याकडे ग्लोव्ह सहाच.

गेल्या मोसमातला आमचा पिचर यंदा आलाच नाही. घरी गेलो, तर वडील म्हणाले, "या खेळात पुढे काय?" भालाफेक करणाऱ्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, हे मी सांगितले. अशी उदाहरणे मोजकीच, हेही लपवले नाही. थोडे थांबून ते म्हणाले, "रविवारपुरता पाठवतो."

सहातला एक ग्लोव्ह त्याच्यासाठी बाजूला ठेवला आहे.