टेस्ट आधी आपल्या लॅपटॉपवर चालवा

 

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी प्रोग्रॅमिंग शिकलो. सध्या आम्ही चार-पाच जण मिळून माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी एक छोटं वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. पेन्शनचा फॉर्म भरायचा, लागणारी कागदपत्रं जोडायची आणि छापून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पण ते वापरणारी बहुतेक वेळा सत्तरीतली एखादी आजी असते, आणि तिच्या हातात नातवाचा मोबाइल असतो. ‘पुढे’ हे बटण चाललं नाही तर ती तक्रार करत नाही. आपलंच काहीतरी चुकलं असं समजून मोबाइल खाली ठेवते. म्हणून बटण चालत नाही हे तिच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे.

त्यासाठी एंड-टू-एंड टेस्ट. युनिट टेस्ट एकेक भाग वेगळा तपासते. ते हवंच. पण प्रत्येक ट्रकचं इंजिन आणि टायर ठीक असले म्हणून ताफा पलीकडे पोचेलच असं नाही. वाटेतला पूलही बघावा लागतो. एंड-टू-एंड टेस्ट खरा ब्राउझर उघडते, पान आणते, रकाने भरते, बटण दाबते आणि शेवटी पोचपावती दिसते का ते पाहते.

या कामासाठी सेलेनियम २००४ पासून आहे. आम्ही मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट वापरतो. ते मोफत आहे, आणि क्रोमियम, फायरफॉक्स व वेबकिट या तिन्हींवर एकच टेस्ट चालवतं. ब्राउझर एकदा डाउनलोड केले की झालं. ॲप्लिकेशन आपल्याच मशीनवर असल्यामुळे पुढे इंटरनेट गेलं तरी टेस्ट चालते.

एक अनुभव सांगतो. आमच्यातल्या एकाने पानाच्या तळाशी सूचनेची पट्टी लावली. लॅपटॉपवर ती छान दिसली, युनिट टेस्टही सगळ्या हिरव्या. ब्राउझर टेस्ट मात्र आम्ही मोबाइलच्या पडद्याच्या मापात चालवतो. तिथे ती लाल झाली. क्लिक करण्याआधी प्लेराइट बघतं की बटण दिसतंय का, जागेवर स्थिर आहे का, चालू आहे का, आणि क्लिक खरोखर त्याच बटणाला पोचेल का. लहान पडद्यावर पट्टी नेमकी ‘पुढे’ बटणावर बसली होती. तीस सेकंद प्रयत्न करून टेस्टने सांगितलं, दुसराच घटक क्लिक अडवतोय. दहा मिनिटांत दुरुस्ती झाली, आणि ती पट्टी कोणाच्याही मोबाइलपर्यंत गेली नाही.

आता आपल्या मशीनवर हे बसवायचं तर तीन गोष्टी नीट लावा.

पहिली, सर्व्हर. टेस्टआधी ॲप्लिकेशन चालू असावं लागतं. हे लक्षात ठेवण्याचं काम माणसावर सोडू नका. प्लेराइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘वेब सर्व्हर’ हा भाग आहे. तिथे सुरू करायची कमांड आणि पत्ता लिहिला की ते स्वतः सर्व्हर सुरू करतं, पत्ता उत्तर देईपर्यंत थांबतं आणि मगच टेस्ट चालवतं.

दुसरी, डेटा. प्लेराइट प्रत्येक टेस्टला कोरा ब्राउझर देतं, त्यामुळे आधीच्या टेस्टचं लॉगिन किंवा कुकी पुढे येत नाही. पण डेटाबेस मात्र कोणी पुसून देत नाही. टेस्टसाठी वेगळा डेटाबेस ठेवा आणि प्रत्येक टेस्टने आपला वापरकर्ता स्वतः तयार करावा. खऱ्या माणसांची नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक टेस्टमध्ये कधीही वापरू नका.

तिसरी, डोळ्यांनी बघणं. एरवी ब्राउझर पडद्याआड चालतो. ‘हेडेड’ हा पर्याय दिला की तो समोर उघडतो. ‘यूआय’ पर्यायात प्रत्येक पायरीला पान कसं दिसत होतं ते मागे-पुढे जाऊन बघता येतं. टेस्ट का फसली याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. स्वतःच्या मशीनवर टेस्ट चालवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

आता एक सावधगिरी. काही टेस्ट कधी पास होतात, कधी फेल. अशा वेळी मधे पाच सेकंद थांबण्याची ओळ घालायचा मोह होतो. ती घालू नका. वेळेची वाट बघण्याऐवजी घटनेची वाट बघा. ‘पोचपावती दिसली पाहिजे’ असं लिहिलं की प्लेराइट ती दिसेपर्यंत, एरवी पाच सेकंदांपर्यंत, पुन्हा पुन्हा बघतं. संशय असेल तर तीच टेस्ट ओळीने वीस वेळा चालवा. तसा पर्याय आहे. ‘पुन्हा चालव, होईल पास’ ही सवय लागली की लाल रंगाकडे कोणी बघत नाही, आणि मग टेस्ट असून नसल्यासारखी.

हीच टेस्ट पुढे सीआय सर्व्हरवरही चालू द्या. ते मशीन वेगळं असतं, बऱ्याचदा हळू असतं, आणि आपल्या लॅपटॉपवर झाकलेली चूक तिथे उघडी पडते. पण पहिली फेरी घरीच. तिथे चूक सापडली तर हातातलं काम अजून डोक्यात ताजं असतं.

सगळंच ब्राउझरमधून तपासायला जाऊ नका. या टेस्ट हळू असतात आणि सांभाळाव्या लागतात. आमच्याकडे अशा मोजक्याच आहेत. जो मार्ग बंद पडला तर माणसाचं काम अडेल, तोच निवडला.

आज तुम्ही असा एकच मार्ग निवडा आणि त्याची टेस्ट लिहा. ती हिरवी झाली की मुद्दाम ते बटण बंद करून पुन्हा चालवा. टेस्ट लाल झाली तरच तिच्यावर भरवसा ठेवा. बटण मोडलेलं असतानाही ती हिरवीच राहिली, तर ती टेस्ट काहीच तपासत नाहीये.