‘पार्लारे’ चालवून दाखव: इटालियन क्रियापद मराठीतून शिकताना

कसबा पेठेतल्या आमच्या खोलीतून बोलतोय. मागे ठकठक ऐकू येतेय ती तांबट आळीची आहे, ती काही मी एडिटमध्ये काढणार नाही. आज एकाच क्रियापदाबद्दल बोलायचंय. इटालियन क्रियापद आहे: पार्लारे. म्हणजे बोलणे.

शाळेत संस्कृतच्या तासाला बाई म्हणायच्या, ‘गम् चालवून दाखव.’ गच्छति, गच्छतः, गच्छन्ति. तसं हे पार्लारे चालवायचं. शेवटचं ‘-आरे’ काढलं की ‘पार्ल-’ हा धातू उरतो आणि त्याला प्रत्यय लावायचे. पार्लो, मी बोलतो. पार्ली, तू बोलतोस. पार्ला, तो किंवा ती बोलते. पार्ल्यामो, आपण बोलतो. पार्लाते, तुम्ही बोलता. पार्लानो, ते बोलतात. आपण गच्छामः म्हणतो त्यातला ‘म’ आणि पार्ल्यामोतला ‘म’ हे सख्खे नातेवाईक आहेत. गच्छन्तितला ‘न’ आणि पार्लानोतला ‘न’सुद्धा. संस्कृत आणि लॅटिन एकाच घराण्यातल्या, त्याचा हा पुरावा.

इथपर्यंत सोपं आहे. मग पुस्तक पूर्ण तक्ता उघडतं आणि माणूस पुस्तक बंद करतो. निश्चयार्थाचे 8 काळ, संशय-इच्छा वगैरे सांगणाऱ्या ‘कोंजुन्तीवो’चे 4, ‘असं झालं तर तसं करीन’वाल्या ‘कोन्दित्स्योनाले’चे 2. झाले 14. प्रत्येकाची 6 रूपं, म्हणजे 84, आणि आज्ञार्थ अजून धरलाच नाही.

आता मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे 84 ओळींचं टेबल दिसलं की हात शिवशिवतात. नीट बघितलं तर 14 पैकी 7 काळ नुसते जोडकाम आहेत: एक सहायक क्रियापद, अधिक ‘पार्लातो’ हे भूतकाळी धातुसाधित. ओ पार्लातो, मी बोललो. आवेवो पार्लातो, मी बोललो होतो. सहायक बदलत राहतं, पार्लातो जागचं हलत नाही. म्हणजे पाठ करायची रूपं निम्म्यावर आली. त्या उरलेल्यांतही कोंजुन्तीवोच्या वर्तमानात मी, तू, तो तिघांनाही एकच ‘पार्ली’. एक गंमत तेवढी सांभाळा. ‘पार्लो’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. ऐकताना एवढ्याने माणूस बदलतो.

बरं, हे सगळं मी का करत बसलो? आमची ताई आणि दाजी तोरिनोला असतात. भाची तिथेच पहिलीत जाते. दर रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो. तर भाची एकदा म्हणाली, ‘आजी, मी पोळी खाल्ले.’ आई म्हणाली, ‘खाल्ले नाही गं, खाल्ली.’ पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग ‘मी गोष्ट ऐकले’, मग ‘मी चूक केले’. आई प्रत्येक वेळी दुरुस्त करायची. प्रेमानेच, पण दर वाक्याला. पाचसहा आठवड्यांत पोरगी फक्त ‘सी’ आणि ‘नो’वर आली. आईचं म्हणणं, मराठी विसरली. मला ते पटेना. विसरलेलं मूल एकाच जागी इतकं शिस्तीत कसं अडखळेल? बग जेव्हा दर वेळी सारखाच येतो, तेव्हा आत एखादा नियम चालू असतो.

म्हणून मी इटालियन व्याकरण उघडलं. इंग्रजीतून लिहिलेलं. आणि तिथेच अडलं, कारण इंग्रजीला या प्रश्नाचा पत्ताच नाही. ‘आय एट’ म्हटलं की संपलं. खाणारा मुलगा की मुलगी, खाल्लेली वस्तू पोळी की लाडू, इंग्रजी क्रियापद ढिम्म. मराठीत मात्र याचं अख्खं प्रकरण असतं, कर्तरी आणि कर्मणी प्रयोग. ती गेली: क्रियापद ‘ती’चं ऐकतं. तिने लाडू खाल्ला: क्रियापद ‘लाडू’चं ऐकतं. इटालियनमध्येही असंच दुभंगलेलं आहे. जाणे, येणे अशा क्रियापदांना ‘असणे’ हे सहायक लागतं आणि धातुसाधित कर्त्याचं लिंग घेतं: तो गेला, ‘ए आन्दातो’, ती गेली, ‘ए आन्दाता’. खाणे, बोलणे यांना ‘आवेरे’, म्हणजे जवळ असणे, हे सहायक लागतं आणि मग कर्त्याच्या लिंगाशी धातुसाधिताचा संबंध तुटतो. मुलगा असो, मुलगी असो, ‘ओ मांजातो’.

दोन्हीकडे कारण एकच आहे. ही रूपं मुळात विशेषणं होती. संस्कृतात ‘सा गता’ आणि ‘मया खादिता’. विशेषण म्हटलं की लिंग आलं. आपलं ‘गेली’, ‘खाल्ली’ त्याच वळणाचं. शाळेच्या व्याकरणात याला लाख्यात म्हणतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीवाले वाळंब्यांचं पुस्तक घेऊन प्रथम ताख्यात, द्वितीय ताख्यात, लाख्यात, वाख्यात घोकत बसलेले असतात. ते दोन मार्कांसाठी घोकतात, पण त्या नावांत मोठी सोय आहे. नाव अर्थावरून दिलेलं नाही, प्रत्ययावरून दिलेलं आहे. ‘भूतकाळ’ म्हटलं की वाटतं हे रूप फक्त झालेल्या गोष्टीचं. पण रिक्षातून ‘आलो, आलो’ म्हणणारा अजून आलेला नसतो. मोरो केशव दामले, म्हणजे केशवसुतांचे भाऊ, यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. त्यात हे रूप आणि अर्थ वेगळे धरण्याचं काम ज्या चिकाटीने केलंय ते बघून कुठल्याही प्रोग्रामरने टोपी काढावी.

तर भाचीकडे परत. तिचा नियम काय होता? ती ‘मी गेले, मी बसले, मी जेवले’ बरोबर म्हणते. ‘मी पाणी प्याले’, ‘मी मराठी शिकले’ हेही बरोबर, कारण पिणे आणि शिकणे सकर्मक असूनही कर्त्याचंच ऐकतात, हे अपवाद आपण मोठ्यांनी करून ठेवलेत. वर ‘मी लाडू खाल्ले’ हे तिने स्वतः आजीच्या तोंडून ऐकलंय. लाडू अनेक होते म्हणून ते ‘खाल्ले’, पण मुलीला काय वाटणार? आजी बाई आहे, मी मुलगी आहे, मुलीने म्हणायचं खाल्ले. त्यात इटालियन ‘ओ मांजातो’ तिला रोज सांगतंय की पोळीकडे बघायची गरज नाही. सगळे पुरावे एकाच दिशेला. आणि जिथे खूण मिळायला हवी तिथेच मराठी ती लपवते: तिने, त्याने, आजीने यांत ‘ने’ दिसतो, ‘मी’ला मात्र काही लागत नाही. म्हणून ती ‘आजीने पोळी खाल्ली’ कधीच चुकत नव्हती. फक्त ‘मी’ला चुकत होती.

एक आगाऊ टिपणी. ‘मी काम केलो’ सोलापूरकडे लाखो माणसं बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. पुण्यात त्यावर हसतात, ते मला आवडत नाही. पण आजीशी बोलायचंय तर आजीची मराठी यायला हवी, हेही आहेच.

इटालियनमध्ये एक फट सापडली. ‘मी सफरचंद खाल्लं’ याला ‘ओ मांजातो ला मेला’. (सफरचंदाला मेला म्हणतात. हे ऐकून आई दोन मिनिटं हसत होती.) पण सफरचंदाच्या जागी ‘ते’ हे सर्वनाम आधी आलं, की ‘लो मांजाता’. मांजातो नाही, मांजाता, कारण मेला स्त्रीलिंगी. म्हणजे खाल्लेल्या वस्तूचं ऐकायचा नियम भाचीला येत होता, ती तो शाळेत रोज वापरत होती. मी तिला एवढंच म्हटलं, ‘पोळी. लो मांजाता. आता मराठीत?’ ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘खाल्ली.’ मग लाडूवर ‘खाल्ला’. दोन लाडवांवर ‘खाल्ले’. आणि मग तिला तो खेळच झाला, घरातल्या सगळ्या वस्तू खाऊन झाल्या, सोफ्यासकट.

आईला मी एकच विनंती केली: वाक्य संपेपर्यंत थांब. अजूनही भाची दहातल्या तीनचार वेळा ‘खाल्ले’ म्हणते. पण बोलते.

याची उलटी बाजू ताईकडे आहे. ती इटालियनमध्ये ‘से आव्रेई पार्लातो’ म्हणते आणि लेक कपाळावर हात मारते. ‘मी बोलले असते, तर त्याला कळलं असतं.’ मराठीत दोन्हीकडे असते, असतं, एकच साचा. इटालियनमध्ये ‘जर’च्या बाजूला कोंजुन्तीवो लागतो, ‘से आवेस्सी पार्लातो’, आणि ‘तर’च्या बाजूला कोन्दित्स्योनाले, ‘आव्रेब्बे कापीतो’. ताई दोन्हीकडे एकच घालते. इटलीतली मुलंही हमखास हेच चुकतात आणि शिक्षक हमखास यावरच ओरडतात. मायलेकींनी आता सौदा केलाय: ‘से’साठी लेकीने ओरडायचं, ‘खाल्ले’साठी आईने, आणि दिवसाला तीनच वेळा.

तुम्ही शिकणार असाल तर माझा क्रम असा. पार्लो आणि ओ पार्लातो आधी. मग ‘पार्लावो’: याला इंग्रजीत शोधू नका, हे सरळ आपलं ‘मी बोलायचो’ आहे. मग कोंजुन्तीवो, आणि त्यासाठी वाख्यात हाताशी ठेवा. ‘वोल्यो के पार्ली’, तिने बोलावं असं मला वाटतं. ‘बोलावं’ म्हणताना आपण जे करतो तेच ‘पार्ली’ करतं. ‘पार्लाई, पार्लास्ती’वाला दूरचा भूतकाळ शेवटी. उत्तरेत, तोरिनोकडे, तो बोलण्यात फारसा येत नाही, पुस्तकात भेटतो. आपलं ‘तो रोज देवळात जाई’ कसं, कथेत आहे, रिक्षात नाही.

‘-एरे’ आणि ‘-इरे’वाली क्रियापदं राहिली. त्यांचे स्वर थोडे बदलतात, सांगाडा हाच. ती पुढच्या भागात. तोवर पार्लारे चालवून बघा, आणि मोठ्याने चालवा.