कानातला दुसरा पडदा
(रेडिओवरील भाषण)



कानाचा पडदा म्हटला की दवाखान्यात येणाऱ्या माणसाच्या मनात एकच पडदा असतो. तो फाटला, तो आत ओढला गेला, त्याच्यामागे पाणी साचले, हे तो अगदी सराईतपणे सांगतो. परंतु त्या पडद्याच्या आड, मध्यकर्ण नावाच्या चिमुकल्या हवेशीर पोकळीच्या पैल भिंतीत, आणखी एक पडदा आहे हे त्याच्या गावीही नसते; आणि खरे सांगायचे तर वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही तो परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरताच आठवतो.

ही पैल भिंत हाडाची असून तिला दोन गवाक्षे आहेत. खिडकी हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण खिडकी म्हटली की उघडझाप आली, आणि ही गवाक्षे जन्मभर मिटलेलीच असतात. वरच्या लंबगोल गवाक्षात रिकीब नावाचे इवलेसे हाड बसवलेले आहे. खालच्या गोल गवाक्षावर आपला हा दुसरा पडदा ताणलेला आहे. १७७२ साली मोडेना येथे आंतोनिओ स्कार्पा या इटालियन शारीरशास्त्रज्ञाने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि या पडद्याला दुय्यम कर्णपटल असे नाव दिले. त्याच्या अकराच वर्षे आधी नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने या भिंतीपलीकडच्या अंतर्कर्णात हवा नसून द्रव भरलेला असतो हे दाखवून दिले होते. आणि द्रव आहे हे एकदा मान्य केले की या पडद्याचे प्रयोजन आपोआप उलगडते. द्रव दाबून आक्रसत नाही. ध्वनीच्या धक्क्याने रिकीब आत सरकली तर तितक्याच द्रवाला कोठेतरी जागा मिळाली पाहिजे; ती जागा हा पडदा मध्यकर्णाकडे किंचित फुगून करून देतो, आणि रिकीब मागे फिरली की तोही मागे फिरतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली गोल गवाक्षाच्या कोनाड्यात पाण्याचा एक थेंब टाकावा आणि सुईच्या टोकाने रिकीब हळूच हलवावी; त्या थेंबावर पडलेली दिव्याची तिरीप क्षणभर लुकलुकते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा, हाडाआड कोंडलेले पाणी हलल्याची ती वर्दी आहे हे ठाऊक असूनही, मी दिव्याकडेच वळून पाहिले होते.

आता या पडद्याची घडण. माणसात त्याची जाडी सुमारे ७० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी, आणि क्षेत्रफळ अवघे दोन चौरस मिलिमीटरांच्या आसपास. एवढ्यात तीन थर आहेत. मध्यकर्णाकडील थरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की विनापरवाना काही आत सरकू नये. मधला थर संयोजी तंतूंचा, लवचिक, रक्तवाहिन्या बाळगणारा. आणि अंतर्कर्णाच्या द्रवात भिजलेला तिसरा थर चपट्या, विरळ पेशींचा, ज्यांच्यात ठिकठिकाणी फटी असतात. म्हणजे सगळा बंदोबस्त बाहेरच्या नाक्यावर. तो ओलांडून जे मधल्या थरात उतरले त्याला आत शिरताना फारसे कोणी हटकत नाही.

या नाक्याचे कायदेही विलक्षण आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांत एक मायक्रॉन व्यासाचे लेटेक्सचे मणी पार गेले, तीन मायक्रॉनांचे अडले. फेरिटिन नावाच्या प्रथिनाचे धन विद्युतभाराचे कण आत घेतले गेले, ऋणभाराचे बाहेरच राहिले. लहान रेणू पेशींमधून झिरपतात, मोठ्यांना पेशी आपल्या पोटात घेऊन पलीकडे सोडतात. मात्र उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांत हाच पडदा आपल्यापेक्षा कितीतरी पातळ असतो, म्हणून त्यांच्यावरचा निकाल आपल्याला जसाच्या तसा लावणारांविषयी मी नेहमीच साशंक असतो. शिवाय कान सुजला की कायदा बदलतो: सूज ताजी असता पडदा अधिक पाझरतो, आणि जुनी झाली की तो जाड होऊन पाझर मंदावतो.

पाझर मंदावला तरी थांबत नाही; वर्षानुवर्षे कान फुटलेला ठेवणाऱ्यांना त्याचाच फटका बसतो. पुवातली विषद्रव्ये या वाटेने आत झिरपतात आणि गवाक्षाला लागूनच असलेल्या शंखिकेच्या, म्हणजे ऐकण्याच्या सर्पिल नळीच्या, पहिल्या वेढ्याला प्रथम बाधतात; तेथे उंच पट्टीचे ध्वनी टिपले जातात. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना आवाज सगळे ऐकू येत, पण ‘सात’ आणि ‘आठ’ यांत घोळ होई. ‘स’चा तो सूक्ष्म फूत्कार त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे. पदराच्या गाठीला लसणीच्या तेलाची बाटली असे. “तेल काय मेंदूत जातंय व्हय?” असे त्या विचारीत. मेंदूत नव्हे, आजी, पण बाहेरच्या पडद्याला भोक असताना मध्यकर्णात तर खचितच. पडदा फाटलेल्या कानात कोणते थेंब घालावेत याबद्दल आम्ही काचकूच करतो तीही यामुळेच. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील औषधे या मार्गाने अंतर्कर्णातील ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या संवेदक पेशींवर घाला घालू शकतात.

गंमत अशी की त्याच घाल्याचा उपयोग करून घेण्याचे हॅरल्ड शुकनेक्ट या अमेरिकन कर्णवैद्याने १९५० नंतरच्या दशकात योजिले: मेनियेर या अंतर्कर्णाच्या विकारात घेरीने हैराण झालेल्यांच्या मध्यकर्णात त्याने स्ट्रेप्टोमायसिन सोडले. घेरी थांबली; पण बहुतेकांची श्रवणशक्तीही तिच्याबरोबर गेली. आज त्याच कामी जेंटामायसिन जपून, बेताने वापरतात, आणि एकाएकी बहिरेपण आले तर स्टेरॉइड. तरीही एकाच मात्रेचा गुण दोघांना सारखा येत नाही, कारण कित्येकांच्या कोनाड्यावर श्लेष्मल त्वचेची एक खोटी झडप असते आणि औषध तिच्यापाशीच अडते.

हे औषध पडद्यापाशी निदान अर्धा तास थांबावे म्हणून रोग्याला कान वर करून कुशीवर निजवतात, आणि बोलायचे नाही, आवंढा गिळायचा नाही, अशी ताकीद देतात. कारण मध्यकर्णाची एक नळी घशात उघडते आणि गिळताच तिचे तोंड वासते. परवा एका निवृत्त मामलेदारांना असेच निजवले होते. जन्मभर हुकूम सोडण्याची सवय, पंधरा मिनिटे त्यांनी कशीबशी काढली आणि मग म्हणाले, “डॉक्टर, घशात काहीतरी कडवट लागतंय.” माल भलत्याच नाक्यावरून निघून गेला होता.