विहिरीचे पाणी मोजा, गावाचा भूजल नकाशा खरा करा



आपल्या पालम तालुक्याला गोदावरी आहे, गळाटी आहे, लेंडी आहे. तरी रब्बीला बहुतेकांची भिस्त विहिरीवर, नाहीतर बोअरवर. दिवाळीत विहीर भरलेली दिसली की ऊस लावायचा, आणि मार्चमध्ये ती तळाला गेली की बोअरची गाडी बोलवायची. पाणी लागलं तर ठीक, नाही लागलं तर कर्ज डोक्यावर. हे टाळायचे तर जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब ठेवला पाहिजे.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका बांधाला पाणी लागते, तर पलीकडे बोअर कोरडा जातो.

हा हिशेब आता संगणकावर, नकाशाच्या आधारे करतात. या पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली, थोडक्यात जीआयएस म्हणतात. समजा, गावाच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवले. एकावर ओढे-नाले, दुसऱ्यावर जमिनीचा उतार, तिसऱ्यावर माती आणि खडक, चौथ्यावर विहिरी व त्यांची पातळी. सगळे एकावर एक बसवले की पाणी कुठे मुरते आणि उपसा कुठे जास्त आहे, ते दिसते. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपला परभणी जिल्हाही होता. त्यात मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने गावांचे पाण्याचे ताळेबंद असेच मांडले गेले.

पण नकाशा विहिरींच्या आकड्यांवर उभा असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. दोन विहिरींच्या मधल्या शिवाराचा संगणक केवळ अंदाज बांधतो. तो अंदाज खरा करणे आपल्या हाती आहे.

मोजमाप असे करा :

१. विहिरीच्या काठावर रंगाने कायमची खूण करा. दर वेळी तिथूनच मोजा.

२. मोटार रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा. चालू मोटारीत घेतलेला आकडा फसवा असतो.

३. टेप किंवा फूट-फुटाच्या गाठी मारलेली दोरी, टोकाला वजन बांधून सोडा. तारीख आणि पाण्यापर्यंतची खोली वहीत लिहा.

४. निदान वरील चार महिन्यांत मोजा. जमल्यास दर महिन्याला मोजा.

माळावरची आणि सखल रानातली विहीर नुसत्या काठापासूनच्या खोलीवरून ताडून पाहता येत नाही. म्हणून नकाशात काठाची उंचीही भरतात. मग पाणी कोणीकडे सरकते ते कळते.

आता आकड्याचा अर्थ पाहू. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पातळी १० फूट चढली, म्हणजे शिवारात १० फूट पाणी आले असे नव्हे. झिजलेल्या काळ्या खडकात उपसता येणारे पाणी साधारण २ टक्केच धरतात. म्हणजे १० फुटांमागे जेमतेम अडीच इंच. एक एकराखालची एवढी वाढ त्या एकराला जवळजवळ एकच पाळी देते! आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही त्यातूनच काढायचे.

म्हणून ऑक्टोबरचे आकडे ग्रामसभेत मांडा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढा. उरलेल्यावर पीक ठरवा. पातळी कमी चढली असेल तर उसाचा हट्ट सोडा, हरभरा, ज्वारी, करडई घ्या. खोल बोअर हा त्यावरचा उपाय नव्हे. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाईच केली आहे.

नकाशा तुमच्या रानात पाणी लागेलच अशी हमी देत नाही. मात्र गावाने किती उपसावे ते सांगतो. तेवढे ऐकले तरी मे महिन्यात घागर रिकामी राहणार नाही. वही आजच घाला.